श्रद्धांजली वाहायच्या आधी: आपले ज्येष्ठ कलावंत, त्यांची आजारपणं आणि वाढदिवस

मृण्मयी_स | २६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४०

आज विक्रम गोखले यांना जाऊन तीन वर्षं झाली. परवा, २४ तारखेला, धर्मेंद्र गेले. दोघांच्याही बाबतीत शेवटच्या दिवसांत जे घडलं ते इतकं सारखं आहे की त्यावर इथल्या जाणत्या मंडळींशी नीट बोलावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

२०२२ मध्ये गोखले पुण्याला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. २३ नोव्हेंबरच्या रात्री ते गेल्याची बातमी सुटली. सिनेमातल्या नावाजलेल्या लोकांनीही श्रद्धांजली वाहून टाकली. मग त्यांच्या पत्नीला आणि मुलीला पुढे येऊन सांगावं लागलं की ते आहेत, प्रकृती गंभीर आहे, प्रार्थना करा. प्रत्यक्षात ते गेले २६ तारखेला. मधले दिवस त्या घराने कसे काढले असतील? आत आपलं माणूस झगडतंय आणि बाहेरून सांत्वनाचे फोन येताहेत.

या महिन्यात ११ तारखेच्या सकाळी धर्मेंद्र यांचं तेच झालं. वाहिन्यांनी सांगून टाकलं, मोठ्या पदावरच्या लोकांनी शोक व्यक्त केला, आणि ईशा देओल व हेमामालिनी यांना जाहीरपणे ते खोटं ठरवावं लागलं. १२ तारखेला त्यांना ब्रीच कँडीतून जुहूच्या घरी नेलं. त्यानंतर ते बारा दिवस होते. ८ डिसेंबरला त्यांना नव्वद पूर्ण झाली असती.

मी या बातम्या वाचते, आणि मनापासून वाचते. आमच्याकडे ही सवय आईची. नवीन कालनिर्णय आलं की ती पेन्सिलीने आवडत्या गायक-नटांचे वाढदिवस त्या-त्या चौकोनात लिहायची, दुधाच्या हिशेबाच्या वरच्या कोपऱ्यात. कोणी गेलं तरी नाव गाळायची नाही, पुढे साल घालायची. आता ते काम माझ्याकडे आहे. ४ जूनच्या चौकोनात अशोक सराफ यांचा वाढदिवस असतो. २०२३ मध्ये त्याच दिवशी सुलोचनादीदी गेल्या, म्हणून आता तिथे दोन नावं आहेत.

मला खुपतं ते हे. यंदा ३ नोव्हेंबरला दया डोंगरे गेल्या. आपण सगळ्यांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं आणि ते योग्यच होतं. दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, विजया मेहता यांना एक्क्याण्णव वर्षं पूर्ण झाली. रंगायन उभं करणाऱ्या, मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या दोन पिढ्या घडवणाऱ्या बाई. त्या दिवशी माझ्या एकाही गटात त्यांच्याबद्दल एक ओळ आली नाही. ज्यांना आपलं लिहिलेलं वाचता येईल त्यांच्यासाठी आपण लिहीत नाही.

तर दोन गोष्टी सुचवते. घरच्यांचा किंवा रुग्णालयाचा शब्द आल्याशिवाय इथे निधनाचा धागा काढायचा नाही. आणि वाढदिवसाला त्या माणसाच्या कामावर लिहायचं. 'जीवेत शरद: शतम्' एवढं टाकून मोकळं व्हायचं नाही, जरा बैठक मारून लिहायचं. काय वाटतं?

दादरकर | सकाळी ८:१५

दोन्ही सूचनांना अनुमोदन. वाढदिवसाची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. रमेश देव ३० जानेवारी २०२२ ला त्र्याण्णव वर्षांचे झाले आणि २ फेब्रुवारीला गेले. यंदा बाळ कर्वे, आपले गुंड्याभाऊ, २५ ऑगस्टला पंच्याण्णव वर्षांचे झाले आणि २८ ला गेले. त्या दोन-तीन दिवसांच्या फटीत कोणी त्यांच्याबद्दल चांगलं चार ओळी लिहिलं असेल तर ते त्यांच्या कानावर गेलं असण्याची शक्यता आहे. नंतरचं सगळं आपल्यासाठी.

पाटीपेन्सिल | सकाळी ८:२२

+१. विजयाबाईंबद्दलचं वाचून फार वाईट वाटलं. उशिरा का होईना, आजच लिहिते.

वसंत_काका | सकाळी ११:०५

मी उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. रात्रपाळीला डेस्कवर हीच कामं असत, तेव्हा आतली बाजू मांडतो.

मृत्युलेख आधी लिहून ठेवणं ही वर्तमानपत्रांची जुनी रीत आहे. तिच्यात काही अमंगळ नाही. पन्नास-साठ वर्षं गायलेल्या किंवा लिहिलेल्या माणसावर रात्री साडेअकराला तासाभरात पान लावायचं तर कात्रणं, फोटो, जन्मसाल, पुरस्कारांची सालं आधी जुळवलेली हवीत. आमच्या संदर्भ विभागात प्रत्येकाचं पाकीट असे. एखादे बुजुर्ग रुग्णालयात गेल्याचं कळलं की ते पाकीट खाली येई आणि मुख्य उपसंपादकाच्या टेबलावर पडून राही. ते बघताना पोटात कालवायचं, पण चुकीच्या जन्मतारखेची श्रद्धांजली छापण्यापेक्षा ते बरं.

आमच्या वेळी शिस्त एकच होती. घरच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी स्वतः बोलल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. 'आकाशवाणीने सांगितलं' हे कारण चालत नसे, आणि त्यामागे १९७९ ची घटना होती. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते. २२ मार्चला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबलं, आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली. जेपी जसलोकमध्ये जिवंत होते! ते गेले ८ ऑक्टोबरला, म्हणजे साडेसहा महिन्यांनी. तेव्हा मोबाइल नव्हता आणि वाहिन्याही नव्हत्या. वर बसलेल्याने एकदा सांगितलं की खालचा कोणी विचारत नाही, एवढंच त्याचं कारण. तेव्हा ही गोष्ट फक्त व्हॉट्सॲपच्या माथी मारू नका.

बदल झालाय तो वेगात. आम्हाला उद्या सकाळपर्यंत वेळ असायचा. आता पहिल्या मिनिटाला जो सांगतो त्याच्याकडे लोक जातात, आणि दुसऱ्या मिनिटाला खरं सांगणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

निशिगंध | दुपारी १२:३०

मला या धाग्याचा मूळ विचारच पटलेला नाही, स्पष्ट लिहिते.

कोणाला कोणत्या रुग्णालयात ठेवलंय, श्वास यंत्रावर आहे का, घरी कधी नेलं, हे आपल्याला का कळायला हवं? धर्मेंद्र यांच्या खाटेभोवती त्यांचं कुटुंब रडत असतानाचं चित्रीकरण बाहेर आलं. ते कोणीतरी केलं, कारण ते बघणारे आपण आहोत. तुम्ही जिव्हाळा म्हणा, पण गिऱ्हाईक आहे म्हणून हा माल खपतो.

असरानींनी काय केलं बघा. २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत ते गेले. घरच्यांनी संध्याकाळी सांताक्रूझला अंत्यसंस्कार केले आणि मग जगाला कळवलं. गडबड नको ही त्यांचीच इच्छा होती. मला ते फार मोठं वाटलं. धर्मेंद्र यांच्या घरच्यांनीही परवा पवन हंसच्या स्मशानभूमीत पटकन सगळं उरकलं, तर लोक अंत्यदर्शन मिळालं नाही म्हणून नाराज. अहो, ते त्यांचे वडील होते.

रात्रपाळी | दुपारी २:१०

निशिगंधताईंशी बरीचशी सहमत. मी परिचारिका आहे. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढली. कोणाचं नाव घेणार नाही.

नामवंत माणूस दाखल झालं की पहिला त्रास वॉर्डच्या फोनला. 'मी त्यांचा पुतण्या बोलतोय', 'मी मंत्रालयातून बोलतोय'. आमच्याकडे ठरलेलं होतं: चौकशी फक्त जनसंपर्क अधिकाऱ्याकडे, आणि आम्ही फक्त नातेवाइकांनी लिहून दिलेल्या दोन नावांशी बोलायचं. तरी रात्री तीनला फोन वाजतो. तेव्हा आम्ही औषधाचा पंप बदलत असतो किंवा कोणाचं कफ ओढत असतो.

दुसरा त्रास गेटवर. कॅमेरे आणि गाड्या दाराशी, त्यातून दुसऱ्याच कोणाची रुग्णवाहिका आत यायची असते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको डबा घेऊन वॉचमनशी भांडत उभी. तिच्या नवऱ्याचीही तीच अवस्था असते, फक्त त्याला कोणी ओळखत नाही.

घरच्यांना आम्ही सामानाच्या लिफ्टने मागच्या दाराने न्यायचो. एकदा एका ज्येष्ठ बाईंची सून त्या लिफ्टमध्ये कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये उभी होती आणि तिचा फोन सारखा थरथरत होता. तिने मला स्क्रीन दाखवली. तिच्या सासूबाईंना श्रद्धांजली वाहणारा संदेश तिच्याच भावकीच्या गटावरून तिला आला होता. बाई वर शुद्धीवर होत्या, सकाळी दोन चमचे पेज घेतली होती.

लतादीदींच्या वेळचं मला योग्य वाटतं. ८ जानेवारी २०२२ ला त्यांना ब्रीच कँडीत दाखल केलं, तेव्हापासून ६ फेब्रुवारीपर्यंत डॉ. प्रतीत समदानी मोजक्या शब्दांत सांगत राहिले. तरी मधे अफवा उठल्याच आणि खोट्या बातम्या पसरवू नका असं आवाहन करावं लागलं. पण जिथे डॉक्टर नियमाने बोलतात तिथे फोन कमी येतात, हे मी अनुभवाने सांगते. माहिती पूर्ण बंद केली की अंदाजांना ऊत येतो.

मृण्मयी_स | दुपारी ३:४५

रात्रपाळी, लिफ्टमधला प्रसंग वाचून थांबले. असं आतून कोणी सांगत नाही. मनापासून आभार.

निशिगंध, गिऱ्हाइकाचा मुद्दा मान्य. म्हणूनच वाढदिवसाकडे वळायचं म्हणते आहे. पण आजाराची बातमीच नको हे मला मान्य नाही. सीमा देव यांचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये अजिंक्य देव यांनी स्वतः जाहीर केलं की आईला अल्झायमर आहे. किती घरांत तोवर 'म्हातारपणी असंच होतं' म्हणून सोडून दिलं जायचं! सीमाताईंसारख्या हसऱ्या, नेटक्या बाईलाही हे होतं म्हटल्यावर माझ्या मावशीला घरच्यांनी पहिल्यांदा मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सीमाताई गेल्या तेव्हा मावशीच्या घरी त्या दिवशी सगळे गप्प होते. घरचे स्वतः सांगतात ती माहिती आणि कोणी खिडकीतून चोरून काढते ती, यांत फरक करूया.

जर्सीकर | रात्री ९:२० (तुमची)

माझे बाबा सत्त्याऐंशीचे, कोथरूडला एकटे असतात. मी न्यू जर्सीत. आमचं बोलणं रोज त्यांच्या रात्री होतं, आणि गेली काही वर्षं त्याची सुरुवात 'अरे, आज तो गेला' अशी होते. या दोन महिन्यांत संध्या, असरानी, सतीश शाह, दया डोंगरे, कामिनी कौशल, आता धर्मेंद्र. आधी मला राग यायचा, दुसरं काही बोला ना म्हणायचो. मग लक्षात आलं की ते प्रत्येक बातमीत वय बघतात आणि मनात वजाबाकी करतात. कामिनी कौशल अठ्ठ्याण्णवच्या होत्या, तर त्या दिवशी बाबा खुशीत होते. सतीश शाह चौऱ्याहत्तरचे होते, त्या रात्री फार बोलले नाहीत.

आता मी त्यांना विचारतो, यांचं तुम्ही पहिल्यांदा काय पाहिलं, कुठे, बरोबर कोण होतं. मग भानुविलास, विजय टॉकीज, आईबरोबरचा पहिला सिनेमा, तिकिटासाठी विकलेली पुस्तकं असं निघत जातं. स्वतःच्या प्रकृतीबद्दल ते कधी बोलत नाहीत. नटांच्या प्रकृतीबद्दल बोलता बोलता मात्र मधेच सांगून जातात की हल्ली जिना चढताना दम लागतो. मी ते ऐकायला थांबतो. त्यामुळे या बातम्या बंद व्हाव्यात असं मला वाटत नाही.

पाटीपेन्सिल | रात्री ९:३५

जर्सीकर, बाबांना नमस्कार सांगा. डोळे भरून आले.

सातारी_पाखरू | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सगळ्यांचं वाचलं. पण ज्यांच्या दाराशी कॅमेरा कधीच येणार नाही त्यांचं कोण बघणार?

माझे चुलते तमाशात ढोलकी वाजवायचे. सव्वीस जानेवारीला झेंडा आणि यात्रेत सुपारी, असं आयुष्य गेलं. आता हात थरथरतात. सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. तिच्यात आधी तीन श्रेणी होत्या, एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना महिना ५००० रुपये झाले. वाढ झाली ती चांगली झाली, त्यांच्या गोळ्या त्यातच येतात. पण त्यासाठी कागद. कला सादर केल्याचे पुरावे मागतात. पालावर राहणाऱ्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वीचं हँडबिल कुठून आणायचं? आणि हयातीचा दाखला. त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून मी नेतो, मागे पोराला धरायला बसवतो. गेल्या खेपेला एका कार्यालयात साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. चुलते म्हणाले, मी समोर उभा आहे की, अजून काय दाखवू?

विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हातून मान घेतलेल्या बाई. २००२ मध्ये गेल्या, शेवटी दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. आता त्यांच्या नावाने राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे.

माझी विनंती एवढीच. वाढदिवसाच्या यादीत आपापल्या गावचा एक तरी कलावंत घाला. त्याची जन्मतारीख बहुतेक १ जूनच असेल, शाळेत मास्तरांनी लिहिलेली, पण घाला.

दादरकर | सकाळी ९:००

सातारी, दोनदा वाचलं. गावचा कलावंत यादीत हवाच. कागद जमवण्यात मदत लागली तर संपर्कातून कळवा, जुनी नाट्य-तमाशा नियतकालिकं आमच्या ग्रंथालयात आहेत. जाहिराती, फडांची नावं त्यात सापडतात.

एक राहिलेलं बोलतो. जुलै २०२३ मध्ये रवींद्र महाजनी तळेगावजवळ आंबीला भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. कधी गेले तेही आधी कळलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून लोक मुलावर तुटून पडले. घरात काय होतं, कोण कोणापासून का दुरावलं, यातलं आपल्याला काय माहीत होतं? एकटं राहणं काहींच्या वाट्याला येतं, काही ते स्वतः निवडतात. मी इतकंच म्हणतो की आपण त्यांच्या रुबाबावर जीव टाकला होता, तर त्यांच्या शेवटच्या वर्षांत ते कुठे आहेत एवढं विचारणारेही आपल्यात फार कोणी नव्हते. मग निवाडा कोणत्या तोंडाने करायचा?

अनुपमा_ठाणे | सकाळी ११:४०

मी पत्रं लिहिते, पोस्टाने. वाढदिवसाच्या आठ दिवस आधी टाकते. घरचा पत्ता शोधत बसत नाही, नाट्यगृह किंवा संस्थेच्या पत्त्यावर पाठवते. ते पुढे पोचवतात, निदान माझा अनुभव तसा आहे. फार स्तुती लिहायची नाही. एखादी भूमिका, त्यातली एक जागा, ती का लक्षात राहिली, बस.

एका ज्येष्ठ नटांचं उत्तर आलं होतं. अक्षर कापरं, ओळी खाली उतरत गेलेल्या. त्यांनी लिहिलं होतं की तुम्ही म्हणता तो प्रयोग मलाही आठवतो, त्या रात्री माझ्या पायात चप्पल चुकीची होती आणि म्हणून मी ते वाक्य बसून म्हटलं. मी इतकी वर्षं ज्या बसण्यावर फिदा होते, त्याचं कारण असं कळलं! त्यांच्या निधनानंतर कोणाला विचारणार होते मी?

अक्षर मोठं काढा, दोन ओळींत अंतर सोडा. नव्वदीच्या माणसाला मोबाइलवरचं बारीक वाचता येत नाही.

निशिगंध | दुपारी १:१५

अनुपमाताई, हे पटलं. यात कोणाच्या खिडकीत डोकावणं नाही. मीही लिहीन.

एक मात्र पाळूया. वय नीट लिहा. बाबासाहेब पुरंदरे यांचं २०२१ मध्ये शंभराव्या वर्षात पदार्पण झालं आणि सगळीकडे 'शंभर वर्षं पूर्ण' म्हणून फिरलं. ते १५ नोव्हेंबरला गेले तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते. आणि सुलोचना नाव दिसलं की लोक गडबडतात. डिसेंबर २०२२ मध्ये लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गेल्या तेव्हा माझ्या गटात दीदींचा, सुलोचना लाटकरांचा, फोटो फिरत होता. दीदी त्यानंतर सहा महिने होत्या.

वसंत_काका | दुपारी २:००

निशिगंध यांची सूचना अत्यंत महत्त्वाची. जन्मतारीख दोन ठिकाणी तपासावी, नसेल तर साल लिहू नये. तारखेवर नव्हे, तर तिथीवर वाढदिवस करणारीही जुनी मंडळी आहेत.

मृण्मयी_स | सायंकाळी ७:३०

मग सुरुवात करूया. १५ डिसेंबरला उषा मंगेशकर यांना नव्वद पूर्ण होतील. धर्मेंद्र आणि त्या एकाच महिन्यातले, आठवड्याच्या अंतराने जन्मलेले. 'पिंजरा' १९७२ चा. त्यातले निळू फुले २००९ मध्ये गेले, डॉ. लागू २०१९ मध्ये, संध्याबाई गेल्या महिन्यात. त्या सगळ्या लावण्यांचा आवाज उषाताईंचा आहे, राम कदमांच्या चाली. मोठ्या बहिणींच्या नावांमुळे त्यांच्याकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं कधी गेलं नाही. लावणीतला त्यांचा ठसका आणि भक्तिगीतातला साधेपणा यांवर कोणी जाणकाराने लिहावं. शिवाय त्या चित्रं काढतात, त्याबद्दल माहिती असलेलं कोणी आहे का? सातारी, ढोलकीच्या अंगाने चुलत्यांना विचाराल का? त्या लावण्यांत ढोलकी कुठे आवाजाला जागा देते, हे ते सांगू शकतील. तुम्ही त्यांचं बोलणं जसंच्या तसं टंकून द्या.

पत्रं ६ तारखेपर्यंत टाकायला हवीत.

सातारी_पाखरू | रात्री ८:०५

विचारतो. ते पिंजऱ्यातल्या गाण्यांवर तासभर बोलतील. यादीत त्यांचंही नाव घाला, १ जून.

जर्सीकर | रात्री ९:१०

बाबा म्हणताहेत १ जानेवारीला नाना पाटेकर पंच्याहत्तर पूर्ण करतील, ते राहायला नको. रंगभूमीवरचा नाना त्यांनी पाहिलाय, त्यावर ते सांगतील आणि मी लिहीन. नाम फाउंडेशनच्या कामाबद्दल मराठवाड्यातल्या कोणी लिहिलं तर बरं होईल. कोण घेतंय?